बहुतेक युद्धांच्या मुळाशी धर्मच असतो का? तहांचे कागद काय सांगतात

विचारलेला प्रश्न दोन भागांचा आहे. जगातली बहुतेक युद्धे खरोखर धर्मामुळेच झाली का, आणि धर्मच नसता तर युद्धे थांबली असती का?

पहिल्या भागाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी पुरेशा खात्रीने देते. पण हे ‘नाही’ ऐकून धर्माच्या कैवाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. युद्ध कशासाठी करायचे हे बहुतेक वेळा जमीन, महसूल, गादीचा वारसा, व्यापाराच्या वाटा आणि शेजाऱ्याची धास्ती यांवरून ठरते. समोरच्याला माणूस समजायचे की नाही, त्याच्याशी तडजोड केली तर ते शहाणपण मानायचे की पाप, हे मात्र पुष्कळदा धर्म ठरवतो. म्हणून धर्माने युद्ध पेटल्याची उदाहरणे मला कमी दिसतात. धर्माने युद्ध लांबल्याची आणि जास्त क्रूर झाल्याची बरीच दिसतात.

हे मत कशावरून बनले तेही सांगायला हवे. युद्धांचा इतिहास शिकवणे आणि मराठेशाहीचे मोडी कागद वाचणे यात माझे आयुष्य गेले. विद्यार्थ्यांना मी एकच सवय लावत आले: जाहीरनामे नंतर वाचा, तह आधी वाचा. जाहीरनामा फौज गोळा करण्यासाठी लिहिलेला असतो. त्यात देव असतो, न्याय असतो, वाडवडिलांची आण असते. तहाच्या वेळी दोन्ही बाजू थकलेल्या असतात, खजिने रिकामे झालेले असतात, आणि वकील-कारकून समोरासमोर बसून एकेक कलम लिहितात. हा किल्ला कोणाकडे, त्या परगण्याचा वसूल कोणाचा, रक्कम किती, हप्ते किती. भांडण कशावरून होते ते इथे उघडे पडते. तहाच्या जोडीला मी आणखी एक कागद शोधते, तो म्हणजे शिपायांच्या पगाराचा हिशेब. पैसा कोणी पुरवला हे कळले की मित्र कोण आणि शत्रू कोण याची नवी यादी तयार होते, आणि ती प्रवचनातल्या यादीशी क्वचितच जुळते.

धर्मयुद्धाचा ठळक नमुना म्हणून युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाकडे, १६१८ ते १६४८ या काळाकडे, बोट दाखवले जाते. म्हणून तेच आधी घेऊ.

२३ मे १६१८ रोजी प्राग शहराच्या गढीत बोहेमियातल्या (आजचा चेक मुलूख) प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या, म्हणजे जर्मन मुलखावरच्या पवित्र रोमन सम्राटाच्या, दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला खिडकीतून खाली फेकून दिले. तिघेही वाचले. तक्रार चर्च बांधण्याच्या हक्काची होती. १६०९ मध्ये बादशहाने सनद देऊन प्रोटेस्टंटांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले होते, आणि ती सनद मोडली जात आहे असे सरदारांचे म्हणणे होते. इथे धर्म नव्हता असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. पण त्याच सरदारांचा दुसराही दावा होता: बोहेमियाचा राजा निवडण्याचा अधिकार आमचा. १६१९ मध्ये त्यांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या फर्डिनांडला, जो त्याच वर्षी बादशहाही झाला, दूर करून पॅलेटिनेट या जर्मन संस्थानाचा प्रोटेस्टंट अधिपती फ्रेडरिक राजा म्हणून निवडला. फर्डिनांडच्या मदतीला जे धावले त्यांत सॅक्सनीचा अधिपती योहान गेओर्ग होता, आणि तो लूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटच, होता. कॅथलिक बादशहासाठी त्याने आपल्याच धर्माच्या बंडखोरांवर फौज नेली, आणि मोबदल्यात लुसेशिया प्रांत तारण म्हणून घेतला.

८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बंडखोरांचा मोड झाला. पुढच्या वर्षी प्रागच्या चौकात २७ पुढाऱ्यांना मृत्युदंड दिला गेला आणि बंडवाल्यांच्या जमिनी जप्त झाल्या. या जमिनींच्या खरेदी-विक्रीतून एक माणूस अफाट श्रीमंत झाला. त्याचे नाव अल्ब्रेख्ट फॉन वालेनस्टाइन. जन्माने प्रोटेस्टंट, पुढे कॅथलिक झालेला. त्याने बादशहासाठी स्वतःच्या जोरावर प्रचंड फौज उभी केली, आणि त्या फौजेत प्रोटेस्टंट अंमलदारही होते. ज्या मुलखात फौज उतरेल त्या मुलखाकडून खंडणी घ्यायची आणि तीवर फौज पोसायची, ही त्याची रीत. मराठी कागद वाचणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही.

१६२९ पर्यंत बादशहा जवळजवळ जिंकला होता. डेन्मार्कचा राजा हरून माघारी गेला होता. त्या टप्प्यावर समेट करून घरी जाता आले असते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये फर्डिनांडने एक फर्मान काढले: १५५२ नंतर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलेली चर्चची सगळी मालमत्ता परत करा. त्याचा जेझुइट धर्मगुरू लामोर्मैनी या फर्मानाचा मोठा पुरस्कर्ता होता. हा विजय देवाने दिला आहे, तेव्हा देवाचे काम पुरे करायला हवे, अशी ही श्रद्धा. परिणाम असा झाला की तोवर बादशहाच्या बाजूला असलेले सॅक्सनीसारखे प्रोटेस्टंट संस्थानिक धास्तावले आणि हळूहळू दुरावले, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनचा राजा गुस्टाव्ह अडोल्फ समुद्र ओलांडून जर्मनीत उतरला. त्याला बाल्टिकच्या किनाऱ्यावरचे स्वतःचे हितसंबंध राखायचे होतेच, पण पुढे साथीदार मिळाले ते या फर्मानाने घाबरलेले. माझ्या मते तीस वर्षांच्या युद्धात धर्माचा सर्वांत मोठा अपराध प्रागच्या खिडकीपाशी झालेला नाही. तो १६२९ च्या फर्मानात आहे. जिथे थांबता येत होते तिथे थांबू दिले नाही.

आता पगाराचा हिशेब पाहा. जानेवारी १६३१ मध्ये बेरवाल्ड येथे फ्रान्स आणि स्वीडन यांचा करार झाला. फ्रान्सने स्वीडनला दरसाल ४ लाख टालर (तेव्हाचे चांदीचे नाणे) द्यायचे आणि स्वीडनने जर्मनीत ३०,००० पायदळ व ६,००० घोडदळ ठेवायचे. हे पैसे देणारा फ्रान्सचा मंत्री रिशेल्यू हा स्वतः कॅथलिक चर्चचा कार्डिनल होता. कॅथलिक बादशहाला ठेचण्यासाठी एक कार्डिनल लूथरपंथी राजाची फौज पोसतो, आणि जिंकलेल्या मुलखातल्या कॅथलिकांच्या उपासनेला धक्का लावू नये असे कलमही त्याच करारात घालून घेतो. श्रद्धा आणि राजकारण यांचा त्याने घातलेला मेळ आपल्याला विचित्र वाटतो, पण त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती.

त्याच वर्षी मे महिन्यात कॅथलिक फौजेने माग्देबुर्ग शहर घेतले, लुटले, आणि ते जळून खाक झाले. सुमारे २०,००० माणसे मेली. शिपाई उपाशी होते आणि त्यांना पगार मिळालेला नव्हता, हे खरे. पण त्या कत्तलीला देवाची मर्जी म्हणणारी आणि तिचा सूड मागणारी पत्रके दोन्ही बाजूंनी छापली गेली, हेही तितकेच खरे.

१६३५ मध्ये बादशहाला शहाणपण आले. प्रागच्या तहात ते फर्मान ४० वर्षांसाठी बाजूला ठेवले गेले आणि बहुतेक प्रोटेस्टंट जर्मन संस्थानिक त्याच्याकडे परतले. धर्म हेच युद्धाचे कारण असते तर ते इथे संपायला हवे होते. ते आणखी १३ वर्षे चालले. त्याच मे महिन्यात कॅथलिक फ्रान्सने कॅथलिक स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले. १६४३ मध्ये लूथरपंथी स्वीडनने लूथरपंथी डेन्मार्कवर हल्ला केला. या १३ वर्षांत जर्मन शेतकऱ्याच्या गोठ्यातून गाय ओढून नेणारा शिपाई कोणत्या पंथाचा आहे याला काही अर्थ उरला नव्हता. एकूण युद्धात जर्मन मुलखाची लोकसंख्या एक पंचमांश ते एक तृतीयांश घटली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक लोक तलवारीने मेले नाहीत, उपासमारीने आणि प्लेगसारख्या रोगांनी मेले.

आणि मग १६४८ चा वेस्टफेलियाचा तह. स्वीडनला पश्चिम पोमेरेनिया आणि ब्रेमेन-फेर्डेन मिळाले, शिवाय फौजेची बाकी चुकती करून तिला घरी पाठवण्यासाठी ५० लाख टालर. या रकमेवरून वाटाघाटी किती अडल्या ते वाचले की युद्ध संपवणे किती खर्चिक असते ते कळते. फ्रान्सला आल्सेसमधले हक्क मिळाले. धर्माची कलमेही तहात आहेत आणि ती महत्त्वाची आहेत: १ जानेवारी १६२४ रोजी कोणत्या गावात कोणाची उपासना चालू होती ते पाहायचे आणि तेच पुढे कायम धरायचे, कॅल्व्हिनपंथीयांनाही (प्रोटेस्टंटांतला दुसरा पंथ) मान्यता द्यायची. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांमध्ये जुना खुंटा शोधून मोजणी करावी, तशी ही धर्माची मोजणी आहे. सत्य कोणाचे, हा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला. पोप दहावा इनोसंट याने या तहाचा निषेध केला. कॅथलिक राजांनीसुद्धा तो मनावर घेतला नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘धर्म की सत्ता’ असा प्रश्न विचारतानाच आपण एक गल्लत करतो. या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत आहेत असे त्या काळच्या माणसाला वाटत नव्हते. जर्मनीतला बिशप हा धर्मगुरू होता आणि आपल्या मुलखाचा राजाही. त्याच्या चर्चची जमीन मागणे ही धर्माची मागणी की महसुलाची? दोन्ही. म्हणून ‘धर्माचा वापर करून राजे लोकांना फसवत होते’ हे सोपे उत्तर मला पटत नाही. फर्डिनांडची श्रद्धा खरी होती. खऱ्या श्रद्धेचा माणूसही जमिनीसाठी लढतो, आणि जमिनीसाठी लढताना देवाचे नाव घेतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही.

आपल्याकडे याचे चांगले उदाहरण वसईचे आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत फिरंगाणात, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज मुलखात, देवळे पाडली गेली, हिंदूंच्या विधींवर बंदी आली, पोरक्या मुलांना बाप्तिस्मा देण्याचे कायदे झाले. ही तक्रार खरी होती आणि जिव्हारी लागणारी होती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ ती घेऊन पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घालत होते. मी विद्यार्थ्यांना इथेच थांबवते. तक्रार जुनी होती, तर मोहीम १७३७ मध्येच का निघाली? कारण पोर्तुगीज ठाण्याला नवा किल्ला बांधत होते. तो पुरा झाला असता तर खाडी बंद झाली असती आणि साष्टी बेट कायमचे हातचे गेले असते. किल्ला अर्धवट होता, शिबंदी तुटपुंजी होती, आतली माणसे वाटा दाखवायला तयार होती. आणि साष्टी म्हणजे भाताचे कोठार. मार्च १७३७ मध्ये ठाणे घेतले गेले. वसई पडायला मे १७३९ उजाडले, आणि चिमाजी अप्पांच्या फौजेने तिच्यासाठी फार मोठी किंमत मोजली.

मग शरणागतीची कलमे वाचा. पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडावे. ज्यांना जायचे त्यांनी आपली चीजवस्तू न्यावी. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक. धर्माच्या जुलमाविरुद्ध पेटलेल्या माणसांनी युद्ध जिंकून दिले, आणि जिंकल्यावर सूडाचे कलम लिहिले गेले नाही. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत नेल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा आजही लोक बघतात. पण वसईचा ख्रिस्ती समाज तिथेच राहिला, आजही आहे, आणि त्यातले अनेक घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. आणखी एक गोष्ट: शेजारी मुंबईत बसलेल्या ख्रिस्ती इंग्रजांनी ख्रिस्ती पोर्तुगीजांसाठी युद्धात उडी घेतली नाही. वसई पडल्यावर दोनच महिन्यांत, जुलै १७३९ मध्ये, त्यांनी चिमाजी अप्पांशी व्यापाराचा करार केला.

वसईत धर्म होता का? होता. लोकांच्या मनातला जळता निखारा तोच होता. त्याच्याशिवाय अंजूरकरांनी जीव धोक्यात घातला नसता. पण मोहीम कधी काढायची, किती पैसा लावायचा आणि कुठे थांबायचे हे पुण्यात वेगळ्या हिशेबाने ठरले. युद्ध वेळेवर थांबले याचे श्रेय मी त्या हिशेबाला देते.

औरंगजेबाचे काय, हा प्रश्न मराठी श्रोता हमखास विचारतो, आणि तो योग्यच आहे. १६७९ मध्ये त्याने जिझिया पुन्हा लावला, देवळे पाडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला त्याचे तातडीचे कारण त्याचा बंडखोर मुलगा अकबर होता. दुर्गादास राठोडाने त्या शहजाद्याला दक्षिणेत आणले आणि संभाजी महाराजांनी आसरा दिला. मुसलमान शहजादा, रजपूत सोबती, मराठा यजमान! आणि दक्षिणेत येऊन औरंगजेबाने आधी कोणती राज्ये बुडवली? १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा. दोन्ही मुसलमानांची. या स्वारीला धर्माची संमती द्यायला त्याच्याच मुख्य काझीने, शेख-उल-इस्लामने, नकार दिला आणि पद सोडले. बादशहाने स्वारी थांबवली नाही. त्याच्याआधी १६६५ चा पुरंदरचा तह पाहिला तर तिथेही हेच दिसते. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख मोगलांना, १२ किल्ले महाराजांकडे, संभाजीराजांना पाच हजारी मनसब. हा तह करून घेणारा मिर्झाराजा जयसिंग स्वतः हिंदू रजपूत होता.

पानिपतावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. नजीबखान रोहिल्याने जिहादची भाषा वापरली आणि तिचा उपयोग झाला. शिया पंथाचा शुजाउद्दौला अखेर सुन्नी अब्दालीच्या छावणीत गेला, त्यात तिचाही वाटा होता. पण भांडणाचे मूळ पंजाबात होते. १७५८ मध्ये मराठ्यांनी लाहोर घेऊन अब्दालीच्या मुलाला हुसकावले आणि तिथला वसूल त्याच्या हातून गेला. नजीबाला आपली दुआबातली जहागीर वाचवायची होती. इकडे भाऊसाहेबांच्या तोफखान्याची भिस्त इब्राहिमखान गारद्यावर होती, आणि तो शेवटपर्यंत हटला नाही. पकडल्यावर त्याला ठार मारले गेले. उलट हिंदू रजपूत राजे घरी बसून राहिले. का? कारण आदल्या काही वर्षांत जयपूर-जोधपूरच्या गादीच्या भांडणांत मराठ्यांनी हात घातला होता, चौथाईसाठी त्यांना पिळले होते. १७५५ मध्ये नागोरला जयाप्पा शिंद्यांचा खून झाला तो याच वैरातून. चौथाईची थकबाकी वसूल करणाऱ्याला धर्मबंधू म्हणून मिठी मारायला कोणी येत नाही. हे आपल्याला ऐकायला कडू आहे, पण १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊसाहेबांच्या बाजूला कोण उभे होते आणि कोण नव्हते, ते धर्मावरून सांगता येत नाही.

त्याहून कडू कागद शृंगेरीचे आहेत. १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला. मठाच्या पुनःस्थापनेसाठी मदत पाठवली ती टिपूने. त्याची पत्रे मठात जपलेली आहेत. त्याच टिपूने कूर्ग आणि मलबारात सक्तीची धर्मांतरे केली, हेही खरे. दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून वाचायची तयारी नसेल तर या विषयात पडू नये असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी उदाहरणे. ती आहेत, आणि मोठी आहेत. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने क्लेरमाँ येथे हाक दिली आणि हजारो माणसे जेरुसलेमकडे निघाली. ‘धाकट्या मुलांना जमिनी हव्या होत्या’ असे पूर्वी शिकवले जाई. पण अनेकांनी उलट घरच्या जमिनी गहाण टाकून प्रवासाचा खर्च उभा केला, आणि वाचलेले बहुतेक लोक १०९९ नंतर घरी परतले. ज्यांना जमिनी हव्या असतात ते असे वागत नाहीत. पहिले क्रुसेड (जेरुसलेमची ही स्वारी) धर्माशिवाय झालेच नसते. चौथ्याची गोष्ट निराळी: १२०२ मध्ये व्हेनिसचे भाडे फेडण्यासाठी त्या सैन्याने झारा हे कॅथलिक शहर मारले आणि १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर लुटले.

दुसरे उदाहरण चीनमधले ताइपिंगचे बंड. परीक्षांत वारंवार नापास झालेल्या हुंग श्युचुआनला दृष्टांत झाला की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. १८५१ मध्ये त्याने स्वर्गीय राज्याची घोषणा केली, १८५३ मध्ये नानकिंग घेतले आणि १८६४ पर्यंत ते टिकवले. मृतांचा अंदाज दोन कोटी किंवा त्याहून जास्त. दुष्काळ, हक्का या समाजातल्या लोकांची जमिनीवरून शेजाऱ्यांशी भांडणे, अफूच्या युद्धानंतरची मोडकळ, ही पार्श्वभूमी होती. पण अशी पार्श्वभूमी चीनच्या इतर प्रांतांतही होती. एवढे शिस्तबद्ध, मरायला तयार असलेले सैन्य उभे केले ते त्या धर्माने. आणि ख्रिस्ती इंग्लंड-फ्रान्सने मदत कोणाला केली? शेवटी चीनच्या मांचू सरकारला, कारण व्यापाराचे करार त्याच्याशी झालेले होते.

एक आकडा या चर्चेत सारखा फेकला जातो. एका इंग्रजी युद्धकोशात १७६३ युद्धांची नोंद आहे आणि त्यातली १२३ धार्मिक म्हणून वर्गीकृत आहेत, म्हणजे सुमारे ७ टक्के. निष्कर्ष माझ्या बाजूचा असूनही हा पुरावा मी वापरत नाही. त्यात तीस वर्षांचे युद्धही एक आणि दोन संस्थानिकांची आठवडाभराची चकमकही एक. शिवाय वसईची मोहीम कोणत्या रकान्यात टाकायची? ज्या मोजणीत वसई बसत नाही ती मोजणी मला काय सांगणार?

त्यापेक्षा एकच घटना नीट पाहिलेली बरी. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने, म्हणजे इस्लामच्या खलिफाने, जिहाद पुकारला. त्याचे दोस्त होते ख्रिस्ती जर्मनी आणि ख्रिस्ती ऑस्ट्रिया. जून १९१६ मध्ये खुद्द मक्केच्या शरीफाने, म्हणजे तिथल्या अधिपतीने, इंग्रजांशी हातमिळवणी करून खलिफाविरुद्ध बंड केले. हिंदी मुसलमान शिपाई बहुतांशी इंग्रजांच्या बाजूने तुर्कांशी लढले. काहींना ते सोसले नाही आणि त्यांनी बंडेही केली. एप्रिल १९१६ मध्ये इराकात कुत येथे उपासमारीने शरण आलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीची ही पोरे तैग्रिसच्या काठी गेली ती कोणाच्या धर्मासाठी? जिहादची हाक जगातल्या सर्वांत मोठ्या अधिकाराच्या जागेवरून दिली गेली होती. तिच्यापेक्षा पगार, पलटणीची निष्ठा आणि घराण्याच्या महत्त्वाकांक्षा जड ठरल्या.

मग धर्म युद्धात नेमके काय करतो? तो माणसे ओळखण्याची तयार खूण पुरवतो. बोस्नियात १९९२ मध्ये जे एकमेकांवर उठले त्यांतले कितीतरी लोक ना नियमाने नमाज पढत होते, ना चर्चमध्ये जात होते. एकच भाषा, एकच गल्ली. फरक सांगायला नाव आणि आजोबांचा धर्म एवढेच होते, आणि तेवढे पुरले. १९९५ च्या डेटन करारात मात्र जमिनीची वाटणी आहे, ५१ टक्के आणि ४९ टक्के. उत्तर आयर्लंडचा १९९८ चा गुड फ्रायडे करार वाचा: विधानसभा, पोलिसांची फेररचना, कैद्यांची सुटका, शस्त्रे खाली ठेवणे, प्रांताने कोणत्या देशात राहायचे ते मतदानाने ठरवणे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात उपासनेवरून जे मतभेद आहेत त्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. ३,५०० च्या आसपास माणसे मेली होती.

आणि धर्माचे दुसरे काम जास्त घातक आहे. दोन राजे परगण्यावरून भांडत असतील तर परगणा अर्धा वाटता येतो. पवित्र जागा अर्धी वाटणे फार कठीण. महसुलाच्या भांडणात माघार घेणाऱ्याला लोक दुबळा म्हणतात. देवाच्या भांडणात माघार घेणाऱ्याला द्रोही म्हणतात, आणि कधी कधी मारतात. कोणत्याही समझोत्याच्या वाटाघाटींबद्दल वाचताना मी हेच बघते की धर्माची भाषा टेबलावर आली आहे की अजून दाराबाहेर आहे. ती आत आली की तडजोडीला जागा उरत नाही, मूळ भांडण पाण्याचे असो की सीमेचे.

प्रश्नाचा दुसरा भाग: धर्म नसता तर? याचे उत्तर विसाव्या शतकाने प्रयोग करून दिले आहे. मार्च १९६९ मध्ये चीन आणि सोव्हिएत संघ उसुरी नदीतल्या एका छोट्या बेटावरून भिडले. दोन्ही सरकारे अधिकृतपणे निरीश्वरवादी. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामने कंबोडियात फौजा घातल्या. तिथल्या ख्मेर रूज राजवटीने तर भिक्षूंना विहारांतून हाकलून धर्मच मोडून काढला होता आणि स्वतःच्याच लोकांची अपरिमित हत्या केली होती. फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, तिन्हीकडे कम्युनिस्ट पक्षांची सत्ता. चीन-व्हिएतनाम लढाईत काही आठवड्यांत दोन्ही बाजूंची हजारो माणसे गेली. चीन आणि व्हिएतनाम यांचा भूसीमेचा तह व्हायला १९९९ चा डिसेंबर उजाडला, आणि सीमेवर खांब रोवण्याचे काम २००८ च्या शेवटी पुरे झाले. कोणता डोंगर कोणाचा आणि कोणती वाट कोणाची, हेच त्या तहात आहे.